मासो नाय त्या दिशी

कट्टा,
२० जून २०२५

ती. गुरुदासकाकांस,
पूजाचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, तेव्हा आधी मनातल्या मनात माझा कान पिळून घ्या आणि मग पुढे वाचा. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. सलोनीताई मध्ये बसून माझं बोलणं तुमच्या कानात ओरडते आणि आपल्या घरच्या गोष्टी सगळ्या वैभववाडीला कळतात. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

दुकान चांगलं चाललंय. पाऊस लागल्यापासून ताप-खोकल्याची रीघ आहे. तुम्ही दुकान माझ्या हवाली करून लेकीकडे गेलात त्याला वर्ष होत आलं, तरी अर्धी माणसं दारातून डोकावून आधी ‘भाऊ खंय?’ विचारतात आणि मग नाइलाज म्हणून मला विचारतात. आणि काय काय विचारतात! मसुऱ्याचे एक आजोबा म्हणाले, फणसाचे गरे जास्त झाले तर साखरेची गोळी दोनदा घेतलेली चालेल काय. एका बाईचं म्हणणं, उपाशी पोटी म्हणजे चहा धरून की चहा सोडून. कॉलेजात आम्हाला गोळी पोटात गेल्यावर काय करते ते शिकवलं, पण फणसाचं काय करायचं ते कुणी शिकवलं नाही. म्हणून तुमचीच युक्ती चालवते, ‘पेजेआधी’ आणि ‘पेजेनंतर’. ते मात्र सगळ्यांना कळतं.

आता मुख्य बातमी. तुमच्या बहिणाबाईंच्या हातांना शेवटी नाव मिळालं. मथुराआतेला हा संधिवात गेली दोन वर्षं छळतोय, सकाळी बोटं मिटत नाहीत, विळीवर सुरमई धरवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. मालवणातल्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलंय. आठवड्यातून एक गोळी, फक्त एक. सर्जेकोटहून सुक्या मासळीची पाटी घेऊन कट्ट्याच्या बाजाराला आली ती तशीच दुकानात आली आणि म्हणाली, पूजा, माका वाचूक येना नाय, आठवडो माझ्या ध्यानात ऱ्हवना नाय, तू काय ता नीट सांग.

मी विचार केला, आते जन्मभर मासे विकते, पण सोमवारी स्वतः खात नाही. तो तिचा शिवराक दिवस. बाकी काही विसरेल, पण सोमवार विसरणार नाही. म्हणून सांगितलं, ज्या दिशी मासो नाय, त्या दिशी गोळी. पाकिटावर एक मासा काढला आणि त्यावर फुली मारली, तसाच या पत्राच्या कडेलाही काढलाय. ती इतकी हसली की काउंटरवरची माणसंही हसायला लागली. जाताना पुटपुटत गेली, मासो नाय त्या दिशी, मासो नाय त्या दिशी. पावसात वारंवार फेरी नको म्हणून दोन पट्ट्या एकदम दिल्या. सांगा, आहे की नाही तुमची पुतणी हुशार?

सलोनीताईला नमस्कार. माझ्यावरची माया जिथे आहे तिथेच राहू दे, वर थोडी चढली तरी हरकत नाही.

तुमची,
पूजा

———

वैभववाडी,
२७ जून २०२५

चि. पूजास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. हुशार आहेस हे कबूल, पण ते तू स्वतःच लिहून टाकलंस, त्यामुळे मला लिहायला काही उरलं नाही.

माशावरची फुली मला फार आवडली. सलोनीला दाखवली, जावयाला दाखवली. माणसाला त्याच्या चुलीच्या भाषेत औषध सांगावं हे मी चाळीस वर्षं करत आलो, पण मासा काढणं काही मला सुचलं नव्हतं. चित्रकलेत तुला कुणी पास केलं असेल असं मात्र वाटत नाही.

थट्टा करायची म्हणून विचारतो, सध्या मासेमारीला बंदी आहे, होड्या किनाऱ्याला ओढून ठेवल्यात. बाजारात मासो नाय म्हणून आमची मथुरा रोज गोळी खात सुटली तर? घाबरू नकोस. तिच्या घरात सुके बांगडे आणि गोलम्याची सुकट बारा महिने असते, तेव्हा ताटात मासा नाही असं सोमवारखेरीज व्हायचं नाही. लहानपणी ताप असला तरी ती चुलीतून बांगडा चोरून खायची आणि मार मला बसायचा.

एक मात्र सांगून ठेवतो. गिऱ्हाइकाने एक विचारलं की आपण उलट दोन प्रश्न विचारावेत. काय होतंय, आणि दुसरं काय घेतोस. गर्दी असली की मीसुद्धा आळस करायचो, म्हणून बजावतो.

इथे पावसाने दार उघडू देत नाही. जावई कानाचं यंत्र घ्या म्हणतात. मी म्हटलं, या वयात जे ऐकू येत नाही त्यातलं बहुतेक ऐकण्यासारखं नसतंच. मथुराला विचारलं म्हणून सांग. तुझा जीव आमच्यात अडकलेला असाच असू दे.

तुझा काका,
गुरुदास

———

कट्टा,
६ ऑगस्ट २०२५

ती. गुरुदासकाकांस,
पूजाचा शि. सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, रागावू नका. डोकं वर काढायला फुरसत नाही. घरटी दोन माणसं तापाने आडवी आहेत. दुपारचा डबा रोज संध्याकाळी उघडते.

पण तुम्हाला आनंदाची बातमी द्यायची आहे. मथुराआतेची मूठ मिटते! जुलैच्या मध्यावर आली होती, काउंटरवर माझा हात धरून दाबून दाखवला. मला कळ आली इतका दाबला. हातच्या काकणाला आरसा कशाला. म्हणाली, होड्यो सुटल्यो काय पयली सुरमई मीच कापतलंय, आणि सुनेक हात लावक देवचंय नाय. सून म्हणजे आतेच्या लवूची बायको दिव्या. तिला त्या ऐकण्याचा किती आनंद झाला असेल ते तुम्हीच ओळखा.

काल लवू येऊन गेला. आयेचा तोंड इला म्हणाला. तोंडभर फोड आहेत, पेजसुद्धा गिळवत नाही. अशक्तपणा आहे, आणि दंडावर निळा डाग पडलाय, पाटी आपटली असेल. दुकानात तेव्हा अशी झुंबड होती की काय सांगू. मी म्हटलं, श्रावणातल्या उपासतापासाची उष्णता असेल. तोंडात लावायचं मलम दिलं, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, ताक पी म्हणून सांगितलं. परवा नारळी पौर्णिमा आहे, तोवर बरी होईल.

आज इतकंच. गिऱ्हाईक उभं आहे. तुम्ही पत्र लिहायचं सोडू नका, मी सोडलं तरी.

तुमची,
पूजा

———

वैभववाडी,
१२ ऑगस्ट २०२५

चि. पूजास आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. सुरमईपर्यंत हसत वाचलं. मग तोंडातले फोड आले, निळा डाग आला, आणि श्रावण हा शब्द आला. हे फोड आणि डाग म्हणजे गोळी जास्त झाल्याची खूण. सलोनीला म्हटलं, जेवण राहू दे, आधी फोन लाव. दोनच गोष्टी विचार. मथुरा श्रावणात काय जेवते, आणि गोळी कधी घेते. सलोनी म्हणते, प्रश्न ऐकून तू फोन ठेवलास.

त्यानंतरचं लवूने सलोनीला कळवलंय. श्रावण लागल्या दिवसापासून मथुराच्या घरी मासा शिजत नाही. म्हणजे रोज मासो नाय. म्हणजे रोज गोळी. तू तडक सर्जेकोट गाठून रात्रीच तिला गोव्याच्या इस्पितळात हलवायला लावलंस हे बरं केलंस.

पूजा, मी तुला काय बोलणार? बंदीवर विनोद सुचला मला. श्रावण सुचला नाही! आमची आई श्रावणात मासळीची भांडी घासून माळ्यावर टाकायची आणि थेट गणपती गेल्यावर उतरवायची. मथुरा ती रीत सासरी घेऊन गेली. हे तुला एक वेळ आठवलं नसेल, तू शहरात शिकलीस. माझ्या तर डोळ्यासमोर झालं ते. मी तुझ्या माशाचं कौतुक सगळ्या घराला दाखवत फिरलो आणि चूक माझ्या हातातल्या पत्रात असून मला दिसली नाही. आता कळून काय, बैल गेला आणि झोपा केला.

आत्ता तिचं कसं आहे ते लगेच लिही. फोन कर म्हटलं तर सलोनी मला बरं तेवढंच सांगते, वाईट गाळते. तिच्या चेहऱ्यावरून मला कळतं. म्हणून तूच लिही.

तुझा,
काका

———

कट्टा,
१७ ऑगस्ट २०२५

ती. काकांस सा. न.

काही गाळत नाही. आतेच्या रक्तातल्या पेशी फार खाली गेल्यात. गोळीवर उतारा म्हणून इंजेक्शन दिलं, रक्त चढवलं, पण तापाने धरलंय आणि तो उतरत नाही. डॉक्टर सांगतात, वाट पाहायची. मी दोनदा जाऊन आले. ओठ सोललेत, बोलताना रक्त येतं. हात मात्र चादरीवर सुरेख पडलेले असतात, एकही सांधा सुजलेला नाही. ते हात बघवत नाहीत मला.

जे लिहायचं आहे ते आता लिहिते. वॉर्डात सगळे आतेलाच बोलतात. तिथल्या सिस्टर, दिव्याची आई, भेटायला आलेली सर्जेकोटची माणसं. आठवड्याची गोळी रोज कुणी खातं काय, म्हातारपणी अक्कल गहाण टाकली काय. परवा डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट मागितलं. वर तो मासा आणि फुली. त्यांनी विचारलं, हे काय आहे? आते म्हणाली, नातवान रेघोट्यो मारल्यान आसतीत. मी तिच्या पायाशी उभी होते, काका. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तापात तिला आठवलं नाही की काय, देव जाणे.

आणि मी गप्प बसले. तोंड उघडलं असतं तर दुकान गेलं असतं, परवाना गेला असता, हे मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त भीती लवूची वाटली. तो रात्रंदिवस तिथे जमिनीवर बसून असतो, माझ्यासाठी उठून खुर्ची देतो, पूजा तू होतंस म्हणान आयेक वेळेर हाडूक गावला, असं म्हणून आतेला वेळेवर आणल्याचं श्रेय चारचौघांत मला देतो. मी ते ऐकून घेते.

दुकान उघडते. कुणी काही विचारलं की डॉक्टरांना विचारा म्हणते. कालपासून पेजेआधी की पेजेनंतर तेही सांगितलेलं नाही. काय करू ते लिहा.

पूजा

———

वैभववाडी,
२० ऑगस्ट २०२५

चि. पूजास आशीर्वाद.

काय करू म्हणून विचारलंस ना? गोव्याला जा. हे पत्र हातात पडेल तेव्हाची पहिली गाडी पकड.

मथुरा काही विसरत नाही. तिला सत्तर वर्षांमागचा चोरलेला बांगडा आठवतो, गेल्या महिन्यात भाचीने काढलेला मासा विसरेल होय? ती तुझ्यावर पांघरूण घालते आहे. घालू दे, तिचा स्वभाव आहे. पण शेवटच्या दुखण्यात माणसाला चार माणसं अडाणी म्हणतायत आणि ज्याला खरं ठाऊक आहे ते पायाशी गप्प उभं आहे, असं आपल्या घरात होऊ नये. तिने सांगितल्यासारखंच केलं. एक दिवसही चुकवला नाही. हे तिच्यादेखत, सगळ्यांसमोर, तुझ्या तोंडून निघालं पाहिजे.

दुकानाचं काय व्हायचं ते होईल. चौकशी आली तर म्हण, काकाने वाचून शाबासकी दिली होती. माझं पत्र तुझ्याकडे आहे, ते दाखव. माझा त्यात निम्मा वाटा आहे, आणि तो मी तुला एकटीला उचलू देणार नाही.

मला न्या म्हणून इथे भांडतो आहे. गुडघे उभे राहू देत नाहीत, पण शनिवारी जावई गाडीने नेतो म्हणालेत. त्याआधी तू पोच.

माझं बोलणं लागलं असेल तर लागू दे, पण दूर जाऊ नकोस.

तुझा काका,
गुरुदास

———

कट्टा,
९ सप्टेंबर २०२५

ती. गुरुदासकाकांस,
पूजाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही बाराव्यानंतर निघालात तेव्हा आपलं नीट बोलणं झालंच नाही. माणसं होती, आणि माणसं नव्हती तेव्हा मी ओरडून काय बोलणार होते. म्हणून पुन्हा पत्र.

तुमचं पत्र मला शुक्रवारी, बावीस तारखेला, सकाळी मिळालं होतं. शटर तसंच खाली ओढून निघाले. पोचले तेव्हा आतेला आदल्या रात्रीपासून मशीनवर ठेवलं होतं. आत एकेकट्यालाच सोडत होते. मी तिच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं. आते, तुझी चूक नाय, माझी. मी सांगलंय तसाच तू केलंस. दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. ती काही हलली नाही. शनिवारी पहाटे गेली, तुम्ही पोचलात तेव्हा सगळं आटोपत आलं होतं. चार दिवस आधी गेले असते तर तिने ऐकलं असतं. त्या चार दिवसांत मी दुकानात बसून होते, काका, काही काम नव्हतं.

लवूला मात्र त्याच दिवशी सांगितलं, बाहेर व्हरांड्यात, दिव्याच्या आईच्या आणि सर्जेकोटच्या माणसांच्या समोर. तुम्ही म्हणालात तसंच, एक दिवसही चुकवला नाही तिने, असं. दिव्याची आई तोंडाला पदर लावून बसली. लवू उठून आत आतेकडे गेला. मला वाटलं, आता हा आयुष्यभर बोलणार नाही. बाराव्यापर्यंत खरंच बोलला नाही, तुम्ही पाहिलंत. औषध खात्याकडेही मी स्वतःच लिहून कळवलंय. साहेब येऊन जबाब घेऊन गेले. काय करायचं ते ते ठरवतील.

काल लवू दुकानात आला. यंदा त्याच्या घरी सुतकामुळे गणपती आणला नाही, होडीवरही तो अजून गेलेला नाही. बाकावर बसला आणि गिऱ्हाईक निवळेपर्यंत थांबला. मग त्याने सांगितलं ते असं.

श्रावण लागला त्या दिवशी आते इथे आली होती. मला ठाऊकच नाही. तिला प्रश्न पडला होता, महिनाभर शिवराक जेवायचं तर गोळीचं काय, सोमवारचीच की रोजची. तेच विचारायला मुद्दाम एसटीने आली. दुकानात गर्दी होती. ती समोर थांब्यावर बसून राहिली. घरी गेल्यावर लवूला म्हणाली, चेडवाक घोट पाणी पिवक वेळ नाय, तेच्या मध्ये मी खंय घुसू. एकदा सांगल्यान आसा ना, मासो नाय त्या दिशी, मगे परत परत कित्याक विचारूचा. आणि त्या रात्रीपासून गोळी सुरू केली.

गोव्याच्या पहिल्याच दिवशी तिला सगळं कळलं होतं. डॉक्टर समजावून गेल्यावर तिने लवूला जवळ बोलावलं. म्हणाली, पूजाक ह्या कोणी सांगा नको. तेका कळला तर ता भियातला. भियाला काय लोकांका काय सांगूचाच नाय, आणि मगे आमच्यासारख्या वाचूक येना नाय त्या बायलांनी विचारूचा कोणाक? लवू म्हणाला, आयेची शपथ होती म्हणून तो मला खुर्ची देत होता, म्हणून माझं कौतुक करत होता. त्याला सगळा वेळ ठाऊक होतं. आता तूच तोंडाने सांगितलंस, तेव्हा शपथ सुटली, असं म्हणून तो उठला आणि गेला.

मी दुकान उघडते. आता उलट दोन विचारते, कधी चार विचारते. सांगून झालं की माणसाकडून परत म्हणवून घेते. मागे रांग लागली तर लागू देते, माणसं कुरकुरतात. थांब्यावर कुणी बाई नुसती बसलेली दिसली तर बाहेर जाऊन विचारून येते, आणि ती म्हणते, मी गाडयेची वाट बघतंय गो बाय. तरी रात्री अंथरुणावर दिवसभरात कुणाला काय सांगितलं ते पुन्हा पुन्हा आठवते, आणि प्रत्येक सांगण्यात काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

आतेने एवढं सगळं केलं ते मी घाबरू नये म्हणून. कुणाला सांगू नका, तुम्हालाच लिहिते. काका, मी भियालंय.

रागावलात तरी पत्र धाडा, माया आटली असेल तर तसंही कळवा.

तुमची,
पूजा